दहा जणी थापणाऱ्या, तवा एक



गेल्या वर्षीची गोष्ट आहे. शिष्यवृत्तीचे ऑनलाइन अर्ज भरण्याच्या मुदतीचा शेवटचा रविवार होता. आमच्या वस्तीतील वाचनालयात सकाळी आठपासून मुले-मुली जमू लागली. मदतीला बारा स्वयंसेवक होते. सगळे कॉलेजात जाणारे, मोबाईल आणि संगणक आमच्यापेक्षा कितीतरी सफाईने चालवणारे. अर्ज होते साठ. एक अर्ज म्हणजे जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, गुणपत्रिका, बँकेचे पासबुक, फी भरल्याची पावती, हे सगळे जमवायचे, त्याचे फोटो काढायचे, ठरलेल्या आकारात चढवायचे आणि रकाने भरायचे. त्याला पन्नास मिनिटे लागतात. साठ अर्ज बारा जणांत वाटले की एकेकाच्या वाट्याला पाच येतात. म्हणजे चार-सव्वाचार तासांचे काम. आम्ही घरी सांगून गेलो होतो की दुपारी जेवायला येतो.

पण त्याआधीच्या वर्षी काही अर्ज चुकांमुळे परत आले होते. म्हणून आम्ही एक नियम घातला: कोणताही अर्ज आमच्या नजरेखालून गेल्याशिवाय पुढे पाठवायचा नाही. एक अर्ज पाहायला आम्हाला दहा मिनिटे लागत. साठ अर्ज गुणिले दहा मिनिटे, म्हणजे दहा तास. बी. कॉम. झालेल्या आणि वीस वर्षे हिशेबाच्या टेबलाशी बसलेल्या माणसाने हा गुणाकार सकाळीच करायला हवा होता. तो आम्ही रात्री अकरा वाजता केला. दुरुस्तीसाठी मागे गेलेले अर्ज पुन्हा आमच्याकडेच यायचे. संध्याकाळी वेबसाईट मंदावली. मुले आपापले काम संपवून आमच्या टेबलापुढे रांग लावून बसली होती. बारा वाजले आणि तीन अर्ज राहिले. त्यांतला एक नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या मुलीचा होता. मुदत वाढली नाही. तिच्या आईने फीसाठी बचत गटातून कर्ज काढले. दोष वेबसाईटचा थोडा असेल. मुख्य दोष आमचा होता.

त्याच दिवशी वस्तीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर तीनशेच्या वर निरोप येऊन पडले होते. एका प्रश्नाला चार जणांनी चार उत्तरे दिली. एकाच मुलाचा अर्ज दोघांनी दोन ठिकाणी भरायला घेतला. ज्याला खरोखर विचारायचे होते, त्याचा प्रश्न शुभेच्छांच्या चित्रांखाली गाडला गेला.

दुसऱ्या दिवशी आम्ही तोंड पाडून बसलो होतो. तेव्हा शेजारची एक मुलगी आली. ती संगणक अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. म्हणाली, “काका, रागावू नका. तुम्ही आणखी बारा मुलं बोलावली असती ना, तरी ते तीन अर्ज राहिलेच असते. हे १९६७ सालीच एका माणसानं सांगून ठेवलंय.” आम्हाला वाटले, पोरगी समजूत काढते आहे. पण तिने वहीवर हिशेब मांडून दाखवला. आम्ही वाणिज्य शाखेचे, विज्ञान आम्हाला बेताचे; पण हिशेब कळतो. त्या दिवसापासून तिच्याकडून मागून आम्ही या विषयावर बरेच वाचले. तेच आज आपल्यापुढे ठेवीत आहोत.

ॲमडाल यांचा हिशेब

जीन ॲमडाल हे अमेरिकेतील दक्षिण डाकोटा राज्यात १९२२ साली शेतकरी कुटुंबात जन्मले. आयबीएम कंपनीचा ‘सिस्टिम ३६०’ हा गाजलेला संगणक १९६४ साली जाहीर झाला. त्याच्या रचनेचे ते प्रमुख शिल्पकार. त्या काळी काही संशोधक म्हणू लागले होते की एकच प्रोसेसर अधिकाधिक वेगवान करीत बसण्यापेक्षा पुष्कळ प्रोसेसर एकत्र जोडा आणि काम वाटून घ्या. प्रोसेसर म्हणजे संगणकातील प्रत्यक्ष गणिते करणारा भाग. अशा वाटून केलेल्या गणिताला समांतर गणन म्हणतात. १९६७ साली अटलांटिक सिटी येथील परिषदेत ॲमडाल यांनी काही पानांचा एक छोटा निबंध मांडला आणि या उत्साहाला हिशेबाचा लगाम घातला.

त्यांचे म्हणणे आपल्या घरातील भाषेत सांगतो. लग्नघरी भाकऱ्या करायच्या आहेत. भाकरी थापायला जितका वेळ, तितकाच ती भाजायला लागतो असे धरू. एकटी बाई एका तव्यावर एकामागून एक भाकऱ्या करते. आता तिच्या मदतीला दहा जणी बसल्या. थापलेल्या भाकऱ्यांची चळत लागेल. पण तवा एकच आहे. काम दुपटीच्या पुढे वेगाने होणार नाही. दहांच्या जागी शंभर जणी आणल्या तरी दुप्पटच. उरलेल्या अठ्ठ्याण्णव गप्पा मारीत बसतील.

प्रत्येक कामात एक भाग वाटता येणारा असतो आणि एक भाग न वाटता येणारा. समजा, कामाचा दहावा हिस्सा वाटता येत नाही. तर दहा प्रोसेसर लावून वेग दहापट होत नाही, सव्वापाचपट होतो. शंभर लावले तर सुमारे नऊपट. हजार लावले तर दहापटीच्या किंचित आत. आणि दहापटीची रेघ कधीच ओलांडता येत नाही, मग कितीही यंत्रे विकत घ्या. यालाच ‘ॲमडालचा नियम’ म्हणतात. आमच्या वाचनालयात एका अर्जाच्या साठ मिनिटांपैकी दहा मिनिटे आमची होती, म्हणजे सहावा हिस्सा. तेव्हा बारा काय, बाराशे मुले आणली असती तरी काम सहापटीपलीकडे वेगाने झाले नसते. त्या पोरीने वहीवर नेमके हेच लिहून दाखवले होते. तवा आम्ही होतो.

शंभर डॉलरची पैज

ॲमडाल यांच्या निबंधानंतर पुष्कळांची अशी समजूत झाली की शेकडो प्रोसेसर जोडण्यात अर्थ नाही. १९८५ साली ॲलन कार्प नावाच्या शास्त्रज्ञाने तर जाहीर पैज लावली. कोणी अनेक प्रोसेसर जोडून खऱ्या उपयोगाच्या गणितांत निदान दोनशेपट वेग दाखवावा आणि शंभर डॉलर घेऊन जावे. त्यासाठी त्यांनी १९९५ अखेरपर्यंत, म्हणजे दहा वर्षांची मुदत दिली.

मुदत लागली नाही. न्यू मेक्सिको राज्यातील सँडिया प्रयोगशाळेत जॉन गुस्ताफसन, गॅरी माँट्री आणि रॉबर्ट बेनर या तिघांकडे १०२४ प्रोसेसरांचा एक संगणक होता. त्यांनी तीन गणिते घेतली: तुळईवर पडणारा ताण, लाटांचा प्रवास आणि खळाळत्या प्रवाहाची गती. काम तेवढेच ठेवले तेव्हा वेग पाचशे-सहाशे पटीच्या घरात गेला. आणि यंत्राबरोबर कामही वाढवत नेले तेव्हा तो हजारपटीच्या वर गेला. १९८८ साली गुस्ताफसन यांनी याचे कारण लिहिले. ते आम्हाला फार मोलाचे वाटले.

ते म्हणाले, ॲमडाल यांचा हिशेब चुकीचा नाही. पण त्यात गृहीत धरले आहे की माणसे वाढली तरी काम तेवढेच राहील. प्रत्यक्षात असे कोण करतो? हाती मोठे यंत्र आले की शास्त्रज्ञ तेच जुने गणित झटपट उरकून घरी जात नाही. तो तेवढ्याच वेळात मोठे गणित सोडवायला घेतो. तुळईचे शंभर ऐवजी लाख तुकडे पाडून तपासतो. आणि सुरुवातीची तयारी, शेवटची गोळाबेरीज हा न वाटता येणारा भाग काम वाढले म्हणून फारसा वाढत नाही. म्हणून मोठ्या कामात त्याचा वाटा लहान होत जातो.

सांगण्याचा मुद्दा असा की, दोन तऱ्हेचे अडथळे असतात. एक, कामाबरोबर वाढणारा. दुसरा, काम कितीही वाढले तरी तेवढाच राहणारा. सतरंज्या अंथरणे, यादी करणे हे साठ अर्जांना जेवढे, जवळजवळ तेवढेच दोनशे अर्जांना. पण आमची दहा मिनिटांची तपासणी प्रत्येक अर्जामागे होती. अर्ज दुप्पट झाले असते तर ती वीस तास झाली असती. पहिल्या प्रकारचा अडथळा शोधून मोडावा लागतो. दुसऱ्याची भीती बाळगण्याचे कारण नाही.

कोणी कोणाशी बोलायचे?

अडथळा फक्त तव्याचा नसतो, बोलण्याचाही असतो. वाटून काम करणाऱ्यांना एकमेकांना निरोप द्यावे लागतात. माणसे वाढली की जोड्या भराभर वाढतात. दहा जणांत पंचेचाळीस जोड्या. आमच्या ग्रुपात त्रेचाळीस जण होते. त्यांच्या जोड्या नऊशे तीन! प्रत्येकाने प्रत्येकाशी बोलायचे ठरवले तर कामाला वेळ कुठून उरणार?

सँडियातील त्या यंत्रात १०२४ प्रोसेसर होते. प्रत्येकाला प्रत्येकाशी तारेने जोडायचे म्हटले असते तर सव्वापाच लाखांच्या आसपास जोडण्या लागल्या असत्या. रचनाकारांनी तसे केले नाही. प्रत्येक प्रोसेसरला फक्त दहा शेजारी दिले. सगळ्या मिळून ५१२० जोडण्या. पण त्या इतक्या हिशेबाने जोडल्या होत्या की कोणाचाही निरोप कोणालाही जास्तीत जास्त दहा हातांतून पोहोचे.

याच सुमारास आपल्या पुण्यातही हेच चालले होते. १९८८ साली तेथे सी-डॅक ही सरकारी संस्था स्थापन झाली. भारताला हवा तेवढा ताकदवान महासंगणक अमेरिका द्यायला तयार नव्हती. तेव्हा अकोला जिल्ह्यात जन्मलेल्या डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली आपल्या अभियंत्यांनी ट्रान्सप्युटर नावाचे छोटे प्रोसेसर पुष्कळ संख्येने जोडून महासंगणक उभा केला. १९९१ साली ‘परम ८०००’ तयार झाला. आम्ही तेव्हा शाळेत होतो. गुरुजींनी वर्तमानपत्रातील बातमी वर्गात वाचून दाखवल्याचे आठवते. पण त्यातले वर्म आम्हाला आता कळले. त्या प्रत्येक ट्रान्सप्युटरला शेजाऱ्यांशी बोलायला चारच जोडण्या होत्या. थोड्यांशी पण नेमके बोलायचे, अशा शिस्तीवर तो महासंगणक चालत होता. ‘गाव करी ते राव न करी’ ही आपली म्हण खरीच; पण गावाने करायचे तर कोणी कोणाला निरोप द्यायचा हे आधी ठरवावे लागते.

माणसांचे काय होते?

वाचक म्हणतील, यंत्राचे ठीक आहे. माणूस म्हणजे काही प्रोसेसर नव्हे. बरोबर आहे. माणसांचा अभ्यासही झालेला आहे.

फ्रान्समध्ये मॅक्सिमिलियन रिंगेलमान नावाचे शेती-अभियांत्रिकीचे प्राध्यापक होते. त्यांनी माणसांना दोर ओढायला लावून जोर मोजला. १९१३ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या मोजणीत असे दिसले की आठ जण मिळून ओढू लागले तर प्रत्येकाचा जोर एकट्याने ओढताना होता त्याच्या जवळपास निम्म्यावर येतो. याची दोन कारणे असतात. सगळ्यांचा हिसका एकाच क्षणी बसत नाही, हे पहिले. ‘इतके जण ओढताहेत, मी थोडा कमी ओढला तर काय बिघडले’, हे दुसरे. दुसरे कारण खरे आहे हे १९७९ साली अमेरिकेतील संशोधकांनी दाखवले. त्यांनी विद्यार्थ्यांच्या डोळ्यांवर पट्टी बांधली, कानांवर आवाज झाकणारे यंत्र लावले आणि ओरडायला सांगितले. प्रत्यक्षात विद्यार्थी एकटाच ओरडत असे. पण आपल्याबरोबर आणखी लोक ओरडत आहेत असे त्याला वाटले की त्याचा आवाज कमी भरायचा.

मग इंटरनेटवर जमणाऱ्या माणसांचे काय? विकिपीडिया हा कोणीही लिहू शकेल असा ज्ञानकोश आहे. त्याची मराठी आवृत्ती २००३ सालापासून आहे. २००८ साली अनिकेत कित्तूर आणि रॉबर्ट क्राऊट या दोन संशोधकांनी इंग्रजी विकिपीडियावरील लेखांचा अभ्यास प्रसिद्ध केला. प्रश्न साधा होता: लिहिणारे हात वाढले की लेख सुधारतो का? उत्तर विचार करायला लावणारे निघाले. कामाची घडी नीट बसवलेली असेल तरच सुधारतो; नसेल तर जास्त माणसांनी लेख बिघडतो. घडी बसवण्याचे त्यांनी दोन प्रकार पाहिले. एक म्हणजे आपसांत चर्चा करून ठरवणे. दुसरा म्हणजे मुख्य काम थोड्या जणांनी अंगावर घेणे आणि बाकीच्यांनी त्या चौकटीत भर घालणे. माणसे थोडी असताना चर्चेचा उपयोग होतो. माणसे पुष्कळ झाली की चर्चेने लाभ होत नाही, दुसरा प्रकारच कामी येतो.

आमच्या ग्रुपावरच्या तीनशे निरोपांचे कोडे आम्हाला इथे उलगडले. सात सुगरणी आणि भाजी अळणी, हे आपल्या आज्या आधीपासून सांगत आल्या आहेत. मीठ कोणी घालायचे ते ठरलेले नसते, एवढेच कारण.

पन्नास लाख घरांतील संगणक

आता एक मोठे उदाहरण. अमेरिकेत बर्कले येथील विद्यापीठातील शास्त्रज्ञांना आकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरी तपासायच्या होत्या. परग्रहावरील कोणी संदेश पाठवते आहे काय, याचा शोध. पोर्तो रिको बेटावरील आरेसिबोच्या दुर्बिणीने टिपलेल्या नोंदी टेपवर भरून बर्कलेला येत. त्या तपासायला महासंगणक हवा. तेवढा पैसा कुठला? १९९९ सालच्या मे महिन्यात त्यांनी ‘सेटी ॲट होम’ नावाची योजना सुरू केली. नोंदींचे लहान तुकडे पाडायचे, एक तुकडा जेमतेम पावणेदोन मिनिटांच्या नोंदीचा. ज्यांच्या घरी संगणक आहे त्यांनी तो इंटरनेटवरून घ्यायचा. मालक चहा प्यायला उठला की रिकामा संगणक तो तुकडा तपासणार आणि उत्तर परत पाठवणार.

वर्षानुवर्षे मिळून पन्नास लाखांहून अधिक लोक यात आले. कोणाला मोबदला नव्हता. लोकांनी आपापले संघ केले, कोणी किती तुकडे तपासले याच्या याद्या लागल्या, चुरस झाली, ओळखी झाल्या. इतक्या लोकांचे काम एकमेकांत अडकले कसे नाही? कारण एका तुकड्याचे उत्तर काढायला दुसऱ्या तुकड्याशी काही देणेघेणे नव्हते. संगणकांना एकमेकांशी एक शब्दही बोलायची गरज नव्हती. माणसे हौसेने बोलत होती. पण काम त्या बोलण्यावर अडलेले नव्हते. आणि विश्वासाचे काय? एकच तुकडा एकाहून अधिक संगणकांकडे पाठवायचा आणि उत्तरे जुळतात का ते पाहायचे. म्हणजे तपासणीही वाटून दिलेली!

तरीही ॲमडाल यांनी पाठ सोडली नाही. २०२० सालच्या ३१ मार्चला तुकडे वाटणे थांबवले गेले. लोक कंटाळले म्हणून नव्हे. वाटप सांभाळण्यातच बर्कलेतील थोड्या माणसांचा वेळ जात होता आणि जमलेल्या अब्जावधी नोंदींची शेवटची छाननी त्यांनाच करायची होती. लाखो घरांचे काम झाले होते. तवा मात्र बर्कलेत होता.

त्याच मार्चमध्ये दुसरीकडे आणखी मोठा प्रकार घडला. ‘फोल्डिंग ॲट होम’ ही अशीच योजना २००० साली स्टॅनफर्ड विद्यापीठात डॉ. विजय पांडे यांनी सुरू केली होती. शरीरातील प्रथिने कशी घडी घेतात आणि कशी हलतात, हे ती गणिताने शोधते. कोरोना आला आणि त्या विषाणूच्या प्रथिनांचा अभ्यास या योजनेने हाती घेतला. घरात अडकलेल्या लोकांना वाटले, आपण निदान आपला संगणक तरी देऊ. दोन-तीन आठवड्यांत लाखो नवे लोक आले. सगळ्यांचे मिळून बळ सेकंदाला एकावर अठरा शून्ये इतक्या गणितांच्या पुढे गेले. त्या दिवशी जगात कोणत्याही एका महासंगणकात एवढी ताकद नव्हती. ती पुढे २०२२ साली अमेरिकेतील ‘फ्राँटियर’ या यंत्रात आली.

पण त्या ऐन गर्दीत हजारो स्वयंसेवकांचे संगणक रिकामे बसले होते. काम कापून वाटणारे आणि उत्तरे परत घेणारे मधले सर्व्हर कमी पडले. लोक मदत घेऊन दारात उभे आणि आत वाढपी अपुरे. मग आधी ते मधले सर्व्हर वाढवावे लागले. हे वाचताना वाचनालयातील ती रात्रीची रांग आमच्या डोळ्यांपुढे उभी राहिली.

यंदाचा रविवार

यंदा आम्ही काय केले ते सांगून थांबतो.

त्या शेजारच्या पोरीला बरोबर घेऊन मराठीत एका पानाची यादी केली. अर्जात चुका कुठे कुठे होतात, त्याचे बारा मुद्दे. स्वयंसेवकांच्या जोड्या लावल्या. एकाने भरलेला अर्ज दुसऱ्याने यादी हाती घेऊन तपासायचा आणि खाली दोघांनी नाव लिहायचे. नाव लिहायचे असल्यामुळे कोणी दोर ढिला सोडला नाही. आम्ही स्वतः दोनच गोष्टी पाहायच्या ठरवल्या, बँक खात्यावरील नाव आणि उत्पन्नाच्या दाखल्याची तारीख. मिनिटभराचे काम. बाकी ज्या जोडीला शंका असेल, तिनेच आमच्याकडे यायचे. ग्रुपावर प्रश्नांची उत्तरे फक्त तिघांनी द्यायची, कोणी कोणत्या दिवशी ते लिहून ठेवले; इतरांनी नुसते वाचायचे.

खरे सांगतो, पहिला तास आम्हाला जड गेला. हात रिकामे होते. प्रत्येक अर्ज ओढून बघावासा वाटत होता. दोनदा उठलोही. ती पोरगी म्हणाली, “काका, बसा. चहा घ्या.” आमच्या लक्षात आले की गेल्या वर्षीचा तो नियम काही निव्वळ काळजीपोटी नव्हता. आपल्याशिवाय होत नाही, याचे एक सुख असते. ते सुख आम्हाला होते. त्याची किंमत एका नर्सिंगच्या मुलीच्या आईने भरली.

संस्थांत, मंडळांत काम करणाऱ्या आमच्या वयाच्या मंडळींनी हा हिशेब एकदा स्वतःपुरता करून पाहावा. कपाटाची किल्ली खजिनदाराकडे आणि खजिनदार गावाला. अर्ज लिहून तयार आणि सचिवांची सही राहिली. तरुण पोरे कामाला नाहीत अशी तक्रार आपण करतो. ती आपल्या टेबलापुढे रांगेत तर बसलेली नाहीत ना? तपासणी सोडून द्या असे आमचे म्हणणे नाही. पैशाच्या हिशेबावर जबाबदार सही हवीच. तपासणी ठेवा, पण ती एकाच हातात ठेवू नका. दुसरा तवा आणा.

यंदा शेजारच्या वस्तीतील मुलेही आली. साठाच्या जागी एकशे दहा अर्ज झाले. दोन रविवार लागले आणि मुदतीच्या आठ दिवस आधी शेवटचा अर्ज गेला. दोन अर्ज दुरुस्तीसाठी परत आले. ते वेळेत दुरुस्त झाले.

ती नर्सिंगची मुलगीही आली होती, यंदा तिसऱ्या वर्षाचा अर्ज घेऊन. ती आमच्या टेबलाकडे आली नाही. पलीकडच्या जोडीजवळ बसली. अर्ज झाल्यावर तिच्याच शेजारच्या एका लहान मुलीच्या दाखल्यांचे फोटो तिने काढून दिले आणि जाताना लांबूनच म्हणाली, “येते काका.” खात्यावरचे नाव आणि दाखल्याची तारीख आम्ही आधीच पाहिली होती. दोन्ही बरोबर होते.